लागलं की लावलं

शाळेतल्या पोरांनी बाईंना 'केलंबाई' हे नाव ठेवलं ते काही उगाच नव्हे. इतिहासाच्या तासाला बाईंचा एक खेळ असायचा आणि त्या खेळाने सगळ्या शाळेला नुसतं भंडावून सोडलं होतं. धडा उघडायचा, पेन्सिल घ्यायची आणि जिथे जिथे 'झाले' दिसेल तिथे खाली रेघ ओढायची. मग एकेकाने उठून त्या 'झाले'चं 'केले' करायचं आणि वर्गाला विचारायचं, कोणी? 'राज्याचे दोन तुकडे झाले.' झाले नाहीत, केले. कोणी केले? 'शहर उद्ध्वस्त झाले.' आपोआप? शहर म्हणजे काय मडकं आहे, ठेवल्या जागी तडकायला? इतिहासाची पुस्तकं लिहिणाऱ्यांना कर्ता म्हटलं की अंगावर काटा येतो की काय, देव जाणे. पानंच्या पानं वाचा, लढाया होतात, दुष्काळ पडतात, माणसं मरतात, आणि करणारा म्हणून कोणी औषधालासुद्धा सापडत नाही.

पोरांना हा खेळ भलताच मानवला. मधल्या सुट्टीत कोणाची काच फुटली की दहा जण ओरडायचे, फुटली नाही, फोडली, कोणी फोडली? घरी आया वैतागल्या. कप फुटला म्हणायची सोय उरली नाही. मग एकाने 'सांडलं' हा शब्द शोधून आणला. दूध सांडलं म्हटलं तर ते आपलं आपण सांडलं की कोणी सांडलं, काही कळत नाही, दोन्हीकडे तेच. 'हरवलं'चंही तसंच. बाईंनी अशा शब्दांची फळ्याच्या कोपऱ्यात वेगळी रांग केली आणि वर लिहिलं 'दुतोंडी'. पोरं त्या रांगेत भर घालायला टपलेली असायची. भूगोलाचे सर शिक्षकांच्या खोलीत बाईंना चिडवायचे, की आता मी भूकंप झाला म्हणू का केला म्हणू ते एकदा लिहून द्या.

नुसता एवढाच खेळ नव्हे. मैदानात लांबलचक दोरी पसरून बाई तिला शतकांच्या गाठी मारायच्या आणि पोरांना आपापल्या गाठीवर उभं करायच्या. वर्गाच्या फरशीवर खडूने नकाशा काढून त्यावरून सैन्यं चालवायच्या. त्यांच्या कपाटात एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात गंजलेली इस्त्री, एका काडीचा चष्मा, बिनकाट्यांचं घड्याळ असला भंगार माल, आणि पोरांनी तो हाताळून ज्याचा असेल त्याच्याबद्दल सांगायचं. बाईंच्या आधी या शाळेत इतिहासाचा तास म्हणजे जांभयांचा तास होता. आता दुसऱ्या शाळांतले शिक्षक बाईंचा तास बघायला यायचे आणि बाई त्यांना सांगायच्या, की पुस्तकाबाहेर बघा, साधनं तुमच्या आजूबाजूलाच पडलेली असतात. मग थोडं हसून म्हणायच्या, माझ्या तर घरातच एक जिवंत साधन आहे.

ते जिवंत साधन म्हणजे बाईंचे वडील, मुकादम. नोकरी सुटून जमाना झाला, पण अजून सगळे त्यांना मुकादमच म्हणायचे. शाळेच्या मागच्या रस्त्याला गाद्यांचा कारखाना होता. तळमजल्यावर कापसाच्या गाठी, वरच्या मजल्यावर खोळी शिवणाऱ्या बायका. बाई अजून शाळेतही जात नव्हत्या तेव्हा त्या कारखान्याला आग लागली आणि वरच्या पुष्कळ बायका गेल्या. आता तिथे काळवंडलेल्या भिंती आणि आतून उगवलेली झाडं. मागच्या गल्ल्यांमध्ये त्या बायकांची घरं अजून आहेत, त्यांची मुलं, नातवंडं. शाळेत निम्मी पोरं त्याच गल्ल्यांमधून येतात.

शाळेच्या पुस्तकात 'आपल्या गावाचा इतिहास' म्हणून एक धडा आहे. त्यात या आगीचं एवढंसं कलम: 'दुपारी कारखान्यात आग लागली. जिन्याचे दार लागले होते. त्यामुळे वरच्या मजल्यावरील अनेक कामगार स्त्रिया अडकून पडल्या. कारखान्याच्या मुकादमांनी जिवावर उदार होऊन मागील खिडकीला शिडी लावली व अनेकींचे प्राण वाचवले.' बास. हा धडा आला की बाई पुस्तक मिटायला सांगायच्या आणि दुसऱ्या दिवशी मुकादमांना वर्गात घेऊन यायच्या.

दर वर्षीचा हा रिवाज. मुकादम सकाळीच दाढी करून तयार. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वर तपकिरी कोट, उकडत असलं तरी. फळ्याजवळ खुर्ची टाकायची, त्यात बसून गुडघ्यांवर हात ठेवायचे आणि सांगायला सुरुवात करायची. शिडी कशी आखूड पडली, ती हातगाडीवर कशी उभी केली, पहिली बाई खिडकीतून कशी उतरेना आणि तिला कसं ओढून खांद्यावर घेतलं. उजव्या हाताची कातडी तेव्हा भाजून आकसलेली, ती दाखवायचे. एरवी बाकावर टाचा आपटणारी पोरं या तासाला हूं की चूं करायची नाहीत. मुकादमांच्या तोंडाकडेही फारसं बघायची नाहीत, बघायची ती त्यांच्या हातांकडे. शेवटी बाई विचारायच्या, कोणाला काही विचारायचंय? कधीच कोणाला काही विचारायचं नसे. बाईंना वाटायचं, पोरं गहिवरली. घरी जाताना त्या बाबांचा हात धरून चालायच्या आणि त्यांना आपल्या बाबांचा असा काही अभिमान वाटायचा की सांगता सोय नाही.

आता नेहमीचा क्रम असा, की गावाचा धडा वर्षाच्या सुरुवातीला आणि झाले-केलेचा खेळ त्याच्यानंतर. या वर्षी मुकादमांच्या छातीत कफ भरला, ते दवाखान्यात पडून होते, आणि बाईंनी धडा पुढे ढकलला. मुकादम उठून हिंडायला लागेपर्यंत वर्ग खेळात चांगला तरबेज झाला होता. बाईंच्या हे लक्षातसुद्धा आलं नाही. सगळ्या पुस्तकाला चाळणी लावणाऱ्या बाईंनी ते एक कलम कधी चाळणीत टाकलं नव्हतं. लबाडी म्हणून नव्हे हो. आपल्या बापाच्या बोलण्यातलं व्याकरण कोण तपासतं?

या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे 'वकीलीण' म्हणायचे. दोन घट्ट वेण्या, बाहीला शाईचे डाग, आणि एकदा हात वर केला की उत्तर मिळेपर्यंत खाली घेणार नाही. दुतोंडी शब्दांच्या रांगेतले निम्मे तिचेच. बाईंचा तिच्यावर जीव होता. वर्गात उघडपणे दाखवायच्या नाहीत, पण शिक्षकांच्या खोलीत तिच्या हुशारीचे किस्से सांगताना थांबायच्या नाहीत. ती कारखान्यामागच्या गल्लीतली. तिची आजी त्या आगीत गेली होती आणि आई तेव्हा पाळण्यात होती, हेही बाईंना माहीत होतं. म्हणून तर त्यांनी तिला मुद्दाम पहिल्या बाकावर बसवलं. आजीच्या आठवणीचं काही ऐकायला मिळेल, पोरीला बरं वाटेल, असं बाईंच्या मनात.

मुकादम आले, खुर्चीत बसले. आजारपणाने कोट अंगावर लोंबत होता. आवाज बसलेला, पण गोष्ट नेहमीचीच आणि शब्दही नेहमीचेच. शिडी, हातगाडी, पहिली बाई. पोरं गप्प. शेवटी बाईंनी नेहमीसारखं विचारलं, कोणाला काही विचारायचंय? आणि उत्तराची वाट न बघता त्या फळा पुसायला वळल्यासुद्धा. कारण कधी कोणी विचारायचंच नाही.

मागून कोणीतरी श्वास आत ओढल्याचा आवाज झाला, तेव्हा बाई वळल्या. वकिलिणीचा हात वर होता.

ती उभी राहिली. पुस्तक तिच्या हातात होतं आणि त्या कलमाखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या. तिने हळू, नीट, खेळात विचारतात तसंच विचारलं. "आजोबा, शिडी तुम्ही लावली. मग दार लागलं की लावलं?"

खरं सांगायचं तर बाईंना पहिल्यांदा कौतुकच वाटलं. एका वाक्यात शिडी 'लावली' आणि दुसऱ्या वाक्यात दार 'लागले', आणि इतक्या वर्षांत हे आपल्या ध्यानात आलं नाही! पण ते कौतुक पुरतं वर येतंय न येतंय तोच त्यांची नजर बाबांवर गेली. मुकादमांनी गुडघ्यांवरचे हात उचलले होते. उजवा हात पँटच्या खिशाशी गेला होता आणि तिथेच थांबला होता. चेहरा असा झाला होता की बाईंनी तो तसा कधी बघितला नव्हता. आजारपणातही नाही. ओठ थोडे उघडले.

बाईंनी काहीही विचार केला नाही. विचार केला असता तर कदाचित वेगळं झालं असतं. झालं असतं म्हणजे केलं असतं, पण जाऊ द्या. बाई फळ्याजवळून पुढे आल्या आणि ज्या आवाजात त्या कधी वर्गाशी बोलल्या नव्हत्या त्या आवाजात म्हणाल्या, "दार लागलं होतं. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. बस खाली."

वकीलीण बसली नाही. बाईंकडे बघत राहिली. चिडून नाही, रडवेली होऊनही नाही. समोरच्याने ओळख दाखवली नाही की माणूस बघतो, तसं. बाईंनी पुन्हा म्हटलं, बस. तेव्हा ती बसली आणि तिने पुस्तक मिटलं. मग सगळ्या वर्गाने एकेक करून पुस्तकं मिटली. बाईंनी आजोबांचे आभार माना म्हणून सांगितलं, पोरांनी एका सुरात आभार मानले, आणि घंटा व्हायला बराच वेळ असताना बाईंनी तास सोडून दिला.

या वेळी वाटेत बाईंनी बाबांचा हात धरला नाही. बाईंनी मनाशी चारदा तरी समजूत घातली की म्हाताऱ्या माणसाला असले प्रश्न म्हणजे जुलूम, आजारातून उठलेत, मी केलं ते बरोबरच केलं. घरी आल्यावर मुकादम कोट न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले. बाईंनी चहा टाकला. चहा उकळून वर आला, शेगडीवर सांडला, तरी त्या तिथेच उभ्या होत्या.

"तोंडात आलं होतं माझ्या," मुकादम म्हणाले. "तू त्या पोरीला खाली बसवलंस."

बाईंनी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर येऊन बसल्या. मग मुकादमांनी सांगितलं. फार वेळ लागला नाही. ज्या गोष्टी माणूस जन्मभर सांगत नाही त्या सांगायला लागला की चार वाक्यांत संपतात. खोळी शिवणाऱ्या बायकांपैकी कित्येकींची तान्ही लेकरं घरी असायची. त्या मध्येच जिना उतरून पोराला पाजून यायच्या आणि कामाचा खोळंबा व्हायचा. मालक म्हणाला, जेवणाची सुट्टी झाली की जिन्याच्या वरच्या दाराला कुलूप घाला. मग रोज सुट्टी संपली की मुकादम कुलूप घालायचे, संध्याकाळी काढायचे. किल्ली पँटच्या उजव्या खिशात. त्या दुपारी आग कापसाच्या खोलीत दिसली. मालक दारात उभा राहून ओरडत होता, गाठी बाहेर काढा, गाठी. मुकादम आणि खालची माणसं गाठी ओढायला लागली. एक ओढली, दुसरी ओढली, हाताला काम मिळालं की डोकं थांबतं. मग कोणीतरी ओरडलं, वरच्या बायका! तेव्हा मुकादमांचा हात खिशात गेला. तोवर जिन्याचं धुराडं झालं होतं. ते दोन पायऱ्या चढले आणि परत फिरले. मग शिडी.

बाई म्हणाल्या, पण शिडी तर लावलीत ना. असं म्हणताना त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

"लावली. तेवढं खरं होतं," मुकादम म्हणाले. "तेवढ्या खऱ्यावर मी जन्म काढला."

बाईंना रडू फुटलं. बापाची कीव आली, राग आला, आणि त्या दोन्हींच्या खाली स्वतःची अशी शरम वाटली की बसवेना. त्यांनी विचारलं, मला का नाही कधी सांगितलं? मुकादम म्हणाले, तू कधी विचारलंस? बोलण्यात टोमणा नव्हता. साधाच प्रश्न होता. जगाला विचारायला शिकवणाऱ्या बाईंनी हाताला धरून शाळेत नेलेल्या घरच्या माणसाला मात्र एक शब्द विचारला नव्हता.

शेवटी बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, उद्या या माझ्याबरोबर, वर्गाला सांगा. मुकादम कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, आधी त्या पोरीला विचार. ती पुन्हा विचारणार असेल तर येतो. माझा मी उठून मला नाही जमायचं, आजवर कुठे जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वर्गात गेल्या त्या पेटी न घेता, दोरी न घेता. सगळी रात्र त्यांनी घोकलं होतं काय बोलायचं ते. पण वर्गात शिरल्यावर वाटलं, सरळ सांगण्यापेक्षा खेळातून येऊ दे, म्हणजे वकीलीण आपणहून हात वर करील, काल तुटलं ते पुन्हा जुळेल. म्हणून त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'जिन्याचे दार लागले होते', आणि वर्गाकडे वळून विचारलं, बोला, लागलं की लावलं?

"लागलं, बाई," वर्ग म्हणाला.

सगळा वर्ग. एका सुरात, पाढे म्हणतात तसं. मागच्या बाकावरचे टोणगेसुद्धा, ज्यांना उद्ध्वस्त शब्द लिहिता येत नाही पण 'कोणी केलं' म्हणून गळा फाडायला जे सगळ्यांत पुढे. बाईंनी वकिलिणीकडे पाहिलं. तीही म्हणाली होती. तिचे हात बाकावर एकावर एक ठेवलेले होते. बाईंनी पुन्हा विचारलं, नीट विचार करा, शिडी लावली, मग दार? पोरांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकजण उभा राहून अगदी आदराने म्हणाला, की पुस्तकात लागलं असं लिहिलंय, बाई.

इतक्या महिन्यांची मेहनत, ती दोरी, त्या गाठी, तो नकाशा, सगळ्यावर कालच्या एका वाक्याने बोळा फिरवला होता. बोळा फिरला नव्हता, बाईंनीच फिरवला होता. मग घोकलेलं सगळं विसरून त्या म्हणाल्या:

"दार लागलं नव्हतं. लावलं होतं. कुलूप घालून. माझ्या वडिलांनी."

त्यांना वाटलं होतं आता गलका होईल. कोणी रडेल, कोणी उठून बाहेर जाईल, उद्या पालक शाळेच्या दाराशी येतील, मुख्याध्यापक बोलावून घेतील. त्या सगळ्याची त्यांनी मनाची तयारी केली होती. पण वर्गात काहीच झालं नाही. एकाही तोंडावर नवल उमटलं नाही. पोरं खाली बघत होती. कोणाला आपल्यासमोर कपडे बदलावे लागले तर आपण नजर वळवतो, तशी त्यांनी नजर वळवली होती. बाईंच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

त्यांनी विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

शेवटी सगळे वकिलिणीकडे बघायला लागले म्हणून ती उठली. तिने हात वर केला नव्हता, हे बाईंना दिसलं.

ती म्हणाली, गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, बाई. लहानपणापासूनच सांगतात. खालच्या माणसांनी गाठी ओढल्या तेही माहीत आहे, कोणत्या खिशात किल्ली होती तेही. दादाच्या वर्गात आजोबा आले होते, तेव्हा आईने दादाला बजावलं होतं, की ऐकून घ्यायचं, उलट बोलायचं नाही, बाईंचे वडील आहेत, बाई चांगल्या आहेत. मलाही तेच सांगितलं होतं.

"मग तू विचारलंस कशाला?" बाई म्हणाल्या. रागाने नव्हे, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"त्यांनी म्हणावं म्हणून," वकीलीण म्हणाली. "आई नको म्हणाली होती. पण मला वाटलं, आपल्या वर्गात विचारलेलं चालतं."

बाईंनी मान हलवली. पुढचं बोलायला त्यांना फार कष्ट पडले. म्हणाल्या, ते म्हणणार होते गं. काल म्हणणारच होते, मी मध्ये पडले. ते पुन्हा यायला तयार आहेत. तू विचारशील? मुलीने विचार केला. विचार केला हे तिच्या कपाळावर दिसत होतं, तिने काही उगाच झटकून टाकलं नाही. बाईंचा जीव त्या एवढ्याशा कपाळावर टांगलेला होता.

"नको, बाई," ती म्हणाली. "काल त्यांनी सांगितलं असतं. आता तुम्ही सांगायला लावाल."

आणि बस म्हणायची वाट न बघता ती बसली. बाईंनी फळ्यावरचं वाक्य पुसलं, मग कोपऱ्यातल्या दुतोंडी शब्दांकडे त्यांचा हात गेला, तो तिथून परत आला. उरलेला तास त्यांनी पुढचा धडा वाचून काढला. मोठ्याने, एकापाठोपाठ एक वाक्य. राजे झाले, तह झाले, प्रांत वेगळे झाले. कोणी पेन्सिल काढली नाही.

दुपारी शिक्षकांच्या खोलीत भूगोलाचे सर काहीतरी थट्टा करायला आले आणि बाईंचा चेहरा बघून नुसतेच पाण्याचा पेला भरून ठेवून गेले. बाई शाळा सुटेपर्यंत त्या खोलीत बसल्या. इतक्या वर्षांचे वर्ग त्यांच्या डोळ्यांसमोरून जात होते. ती गप्प पोरं. ती हातांकडे बघणारी पोरं. कोणाची आजी, कोणाची मावशी, कोणाची मोठी आई, आणि समोर खुर्चीत कोट घातलेला माणूस शिडीची गोष्ट सांगतोय, आणि बाजूला उभं राहून बाई डोळे टिपतायत. त्या पोरांना वर्गातून बाहेर पडल्यावर काय वाटत असेल? घरी जाऊन आईला काय सांगत असतील? ऐकून घेतलं, असंच सांगत असतील.

घरी आल्या तेव्हा मुकादम तयार होऊन बसले होते. उजाडल्यापासून तसेच असावेत. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, कोट खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवलेला. बाई आत आल्यावर त्यांनी कोटाकडे हात नेला आणि लेकीच्या तोंडाकडे बघून तो तसाच ठेवला.

काय म्हणाली पोर, त्यांनी विचारलं. बाई चपला न काढताच समोर बसल्या. नको म्हणाली, असं सांगितलं. मुकादमांनी मान डोलावली, जणू त्यांना तेच अपेक्षित होतं. राग आलाय तिला, येणारच, ते म्हणाले, हळूहळू सगळं कळेल तिला.

"तिला माहीत आहे, बाबा. सगळ्यांनाच माहीत आहे. पहिल्यापासून."

आकसलेल्या कातडीचा हात मुकादमांनी टेबलावर पालथा ठेवला, मग उताणा केला आणि त्याच्याकडे बघत बसले. बाहेर रस्त्यावर शाळेतून परतणाऱ्या पोरांचा आवाज येत होता. काहीतरी पडून फुटलं, पोरं हसली, पण 'कोणी फोडलं' म्हणून कोणी ओरडलं नाही.

"मग मी इतकी वर्षं कोणाला सांगत होतो?" मुकादमांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्या खुर्चीवरचा कोट उचलला, उगाच झटकला आणि मांडीवर घेतला.

"मला," त्या म्हणाल्या.